चटणी, विंचू आणि पटकी : पेशीच्या पटलावरची प्रथिनं निरोप पोचवतात कसा, थांबवतात कसा

शेंगा चटणीचा पहिला घास तोंडात गेला की आपण ‘तिखट लागलं’ म्हणतो. पण शरीराच्या लेखी तिखट ही चव नाहीच. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यासाठी जिभेवर वेगळ्या पेशी आहेत. मिरचीची आग कळते ती मज्जातंतूच्या टोकावरच्या एका प्रथिनातून, आणि ते प्रथिन मुळात चटका ओळखण्यासाठी आहे. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर ते उघडतं, आणि मिरचीतलं कॅप्सेसिन चिकटलं तरी उघडतं. मेंदूला जाणारा निरोप दोन्ही वेळा एकच असतो, ‘भाजतंय’. म्हणून तिखट खाल्ल्यावर घाम फुटतो, नाक वाहतं आणि आपण तोंडाने फू-फू करतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन शोधलं. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमागे हे काम होतं.

सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ च्या आसपास जातोच. मग दिवसभर अंगाची आग का होत नाही? कारण हवा ४३ अंशांवर असली तरी घामाचं बाष्पीभवन होत असल्याने त्वचा त्याहून बरीच थंड असते. प्रथिनाला हवामान खात्याचा आकडा कळत नाही, त्याला फक्त त्वचेचं तापमान कळतं. दुपारभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या सीटवर बसलात की मात्र त्याच क्षणी कळतं.

हे प्रथिन बसलेलं असतं पेशीच्या पटलात. पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचे एकमेकांना पाठ लावलेले दोन थर, दोन्ही मिळून जाडी चार-पाच नॅनोमीटर. तेलात विरघळणारे छोटे रेणू त्यातून सहज पार होतात. विद्युतभार असलेले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड हे आयन होत नाहीत. ग्लुकोज होत नाही, ॲड्रेनलिन होत नाही, इन्सुलिनसारखं मोठं प्रथिन तर नाहीच नाही. म्हणजे बाहेरच्या जगाशी पेशीचा जो काही व्यवहार आहे तो बहुतेक सगळा पटलात रुतून बसलेल्या प्रथिनांमार्फत चालतो. या प्रथिनांचे काही भाग पाण्याला टाळणाऱ्या वीसेक अमिनो आम्लांचे असतात. ते मळसूत्रासारखे वळून पटलाच्या आरपार जातात. उरलेलं प्रथिन काही बाहेर, काही आत. माणसाच्या जनुकांपैकी जवळपास पाव जनुकं अशाच प्रथिनांसाठी आहेत.

पुढच्या सगळ्याचा पाया इथे आहे. निरोप आणणारा रेणू बहुतेक वेळा पेशीत शिरतच नाही. तो बाहेरून प्रथिनाला चिकटतो, प्रथिनाचा आकार किंचित बदलतो, आणि त्यामुळे प्रथिनाचा पेशीच्या आतला भाग वेगळं वागायला लागतो. एवढंच. कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन यांसारखी स्निग्ध संप्रेरकं अपवाद आहेत. ती थेट आत जातात. बाकी ॲड्रेनलिन असो की इन्सुलिन, काम आकार बदलण्यातूनच होतं.

आकार बदलला की काय होतं, यावर बहुतेक पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. तो आकार परत कसा येतो, हे मात्र तळटीपेत ढकललेलं असतं. आमच्या मते खरी गंमत त्या तळटीपेत आहे. निरोप वेळेवर थांबला नाही की माणूस आजारी पडतो, कधी दगावतो, आणि आपल्या भागातली काही जुनी दुखणी नेमकी याच जागी बिघडलेली आहेत.

आधी एक तयारी समजून घेऊ. पेशीबाहेर सोडियम भरपूर, लिटरला साधारण १४५ मिलिमोल. आत जेमतेम १२. पोटॅशियमचं उलट, आत १४० आणि बाहेर चार-पाच. कॅल्शियमचा फरक तर दहा हजार पटींचा. हा फरक आपोआप टिकत नाही. पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप पेशीचं इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो, आणि हे अखंड चालू असतं. येन्स स्काउ या डॅनिश शास्त्रज्ञाने हा पंप १९५७ मध्ये दाखवला, नोबेल मिळालं ते १९९७ मध्ये. एवढी मेहनत करून राखलेला फरक आहे म्हणूनच पटलातला एखादा चॅनल, म्हणजे मधे छिद्र असलेलं प्रथिन, उघडताच आयन धावत आत येतात आणि पेशीला काही घडल्याचं कळतं. फरक नसता तर चॅनल उघडा काय, बंद काय, सारखंच.

टीआरपीव्ही-१ हा असाच एक चॅनल. चार सारखे तुकडे एकत्र येऊन मधे छिद्र तयार होतं. ते उघडलं की सोडियम आणि कॅल्शियम आत येतात, मज्जातंतूत विजेची लहर उठते. कॅप्सेसिन तेलात विरघळणारं असल्याने पटलात मुरतं आणि प्रथिनाच्या पटलातल्या खोबणीत जाऊन बसतं. त्यामुळे वरून पाणी पिऊन फायदा होत नाही, पाण्यात ते विरघळतच नाही. दही, ताक, लोणी उपयोगी पडतं ते त्यातल्या स्निग्धांशामुळे आणि केसिन या दुधाच्या प्रथिनामुळे. कडक भाकरी आणि चटणीसोबत दह्याची वाटी ठेवणाऱ्यांना हे रसायनशास्त्र न शिकताच ठाऊक होतं.

आत आलेलं कॅल्शियम आणखी एक काम करतं. ते या चॅनललाच मंद करतं. मिरची सतत खाणाऱ्याला ती कमी झोंबते त्यामागे हे एक कारण आहे. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या जळजळीवर डॉक्टर कॅप्सेसिनचं मलम देतात तेही याच आधारावर. पहिले काही दिवस आग वाढते, म्हणून बरेच रुग्ण मलम सोडून देतात. नेटाने लावलं तर तंतू थकतात आणि वेदना उतरते. उलट, उन्हाने भाजलेल्या किंवा सुजलेल्या त्वचेत दाहाची रसायनं या चॅनलचा उंबरठा खाली आणतात, मग अंघोळीचं कोमट पाणीही चटके देतं. पक्ष्यांमधल्या या प्रथिनाला उष्णता कळते पण कॅप्सेसिन कळत नाही. पोपट मिरची मजेत खातो ती यामुळे.

इथे चॅनल स्वतःच स्वतःला आवरतो. आवरता आलं नाही तर काय होतं ते विंचू दाखवतो.

लाल विंचू सोलापूर जिल्ह्याच्या माळरानाला नवा नाही. दगडाखाली, सरपणात, शेणीच्या ढिगात, पावसाळ्याच्या तोंडावर घरात. मज्जातंतूतून लहर पुढे जाते ती सोडियमच्या चॅनलमुळे. हे चॅनल विजेच्या दाबातला बदल ओळखून उघडतात आणि एक-दोन मिलिसेकंदांत त्यांच्याच प्रथिनाचा एक तुकडा आतून छिद्र बुजवतो. लहर संपते, तंतू पुढच्या निरोपाला मोकळा होतो. विंचवाच्या विषातली छोटी प्रथिनं या चॅनलच्या दाब ओळखणाऱ्या भागाला बाहेरून धरून ठेवतात. छिद्र बुजतच नाही. त्याच विषातला आयबेरिओटॉक्सिन हा रेणू काही पोटॅशियम चॅनल बंद करतो, म्हणजे लहर विझवायची दुसरी सोयही गेली. तंतू एका निरोपाच्या जागी निरोपांचा मारा करत सुटतो.

दंशाच्या जागी ठणका लागतो, तो याचाच एक भाग. भूल द्यायचं लिग्नोकेन तिथे टोचलं की ठणका थांबतो, कारण लिग्नोकेन त्याच सोडियम चॅनलचं छिद्र आतल्या बाजूने अडवतं. जिवावर बेततं ते ठणक्याने नव्हे. विष रक्तात पसरलं की हृदय, घाम अशी आपोआप चालणारी कामं बघणारे स्वायत्त मज्जातंतू पेटतात, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि त्याचा भाऊबंद नॉरॲड्रेनलिन यांचा लोंढा सुटतो. हे दोघे रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवरच्या अल्फा-१ या रिसेप्टरला, म्हणजे निरोप ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतात. वाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, दरदरून घाम आणि उलट्या होतात, रक्तदाब चढतो, आणि आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं. मग फुप्फुसात पाणी भरतं. मुलांमध्ये हे सगळं काही तासांत घडू शकतं.

महाडला काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात या साखळीचा नेमका दुवा पकडला. विष चॅनलवरून काढता येत नसेल तर पुढच्या टप्प्यावरचा अल्फा-१ रिसेप्टर अडवावा. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी तेच करते. ती रिसेप्टरवर बसते पण त्याचा आकार बदलत नाही, आणि जागा अडल्यामुळे ॲड्रेनलिनला चिकटता येत नाही. वाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. ग्रामीण दवाखान्यांतले मृत्यू या गोळीने खूप कमी झाले. पुढे विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली की रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही दिसून आलं. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. गोळी दिल्यावर रुग्णाला झोपवूनच ठेवतात, कारण उभं राहिल्यास रक्तदाब एकदम खाली येऊन भोवळ येते. आणि हे सगळं दवाखान्यात. विंचू चावलेल्या मुलाला उलट्या, घाम आणि गार हातपाय असतील तर मंत्र, चिरा, दोरी यांत एक मिनिटही घालवू नये.

अल्फा-१ हा चॅनल नाही. तो दुसऱ्या घराण्यातला आहे, आणि हे घराणं माणसात सर्वांत मोठं. सुमारे ८०० सदस्य. प्रत्येकाची साखळी पटलातून सात वेळा आरपार जाते. वास, प्रकाश, ॲड्रेनलिन, हिस्टामिन, डोपामिन अशा असंख्य गोष्टी यांच्यामार्फत कळतात. बाजारातल्या औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधं याच घराण्यावर काम करतात. यांच्यात स्वतःचं छिद्र नसतं. आतल्या बाजूला एक मदतनीस असतो, जी प्रथिन. तो बंद अवस्थेत जीडीपी नावाचा रेणू धरून बसलेला असतो. बाहेरून निरोप आला, रिसेप्टरचा आकार बदलला की जी प्रथिन जीडीपी सोडतं, त्याजागी जीटीपी हा तसाच दुसरा रेणू घेतं आणि चालू होतं. मग ते पटलाच्या आतल्या पृष्ठभागावरून सरकत पुढच्या विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला (एन्झाइमला), जाऊन भिडतं. एक प्रकार सायक्लिक एएमपी हा रेणू तयार करवतो, दुसरा, म्हणजे अल्फा-१ चा, पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतो, तिसरा सायक्लिक एएमपी कमी करतो. एक रिसेप्टर अनेक जी प्रथिनं चालू करतो, प्रत्येक विकर भराभर रेणू बनवतं, त्यामुळे बाहेरच्या एका रेणूमागे आत हजारो तयार होतात. रक्तातलं ॲड्रेनलिन इतकं कमी असून काळीज धडधडतं ते या वाढाव्यामुळे.

बंद व्हायची सोय जी प्रथिनाच्या अंगातच आहे. जिन्यातल्या दिव्याचं बटण दाबल्यावर तो ठराविक वेळाने आपोआप विझतो ना, तसं. जी प्रथिन काही सेकंदांत स्वतःच जीटीपीचा तुकडा पाडून त्याचं जीडीपी करतं आणि थांबतं. हवं असेल तर बटण पुन्हा दाबा.

पटकीचा, म्हणजे कॉलराचा, जंतू नेमकं हे टायमर मोडतो.

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी नोंदींत यात्रा आणि पटकीची साथ हे शब्द किती वेळा शेजारीशेजारी येतात ते जुन्या कागदांत दिसतं. लाखोंचा जमाव, चंद्रभागेचं तेच पाणी प्यायला आणि तेच बाकी सगळ्याला. जंतू त्या शतकातच ओळखला गेला होता, पण तो आतड्याची भिंत न फोडता माणसाला कोरडं कसं करतो हे कळत नव्हतं. कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं की जंतू नसले, नुसता त्यांच्या वाढीचा गाळलेला द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात घातला, तरी पाणी भरतं. म्हणजे करणी विषाची होती.

या विषाचे दोन भाग. पाच तुकड्यांचं कडं आतड्याच्या पेशीच्या पटलावरच्या एका विशिष्ट स्निग्ध रेणूला चिकटतं. मग दुसरा भाग पेशीत शिरून जी प्रथिनाला एक रासायनिक गाठ मारतो, नेमकी त्या जागी जिथून जीटीपीचा तुकडा पडतो. दिवा आता विझत नाही. सायक्लिक एएमपी साचत जातो, तो सीएफटीआर नावाचा क्लोराइडचा चॅनल उघडवतो, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागतं, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, जोराच्या आजारात तासाला लिटरभरही. जंतू मेले तरी गाठ बसलेली पेशी तशीच चालू राहते. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं, म्हणून तेवढे दिवस पाणी भरून काढलं तर माणूस वाचतो.

पण भरायचं कसं? नुसतं पाणी पाजलं तर तेही वाहून जातं. इथे तिसऱ्या जातीचं प्रथिन कामी येतं. आतड्याच्या पेशीवर एसजीएलटी-१ हा वाहक असतो. तो दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असा मेळ जमला तरच दोघांना आत घेतो. एकटं सोडियम नाही, एकटं ग्लुकोज नाही. आणि पटकीचं विष या वाहकाला हातही लावत नाही. सोडियम आणि ग्लुकोज एकत्र शोषले जातात ही मांडणी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथे केली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं. ३० टक्क्यांच्या घरातला मृत्युदर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला.

आजच्या ओआरएसच्या एक लिटरात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. सोडियम ७५ मिलिमोल, ग्लुकोजही ७५. हे आकडे सहज पडलेले नाहीत. ग्लुकोज वाढवलं तर वाहक भरून जातो, उरलेली साखर आतड्यात राहते आणि उलट शरीरातलंच पाणी पोकळीत ओढते. फळांच्या चवीची गोड पाकिटं आणि थंड पेयं जुलाबात म्हणून घातक, बाळाला तर फारच. मीठ वाढलं तर रक्तातलं सोडियम चढतं. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पुडी २०० मिलीसाठी, आणि घराघरांत होणारी चूक म्हणजे मोठ्या पुडीतलं ‘अंदाजे थोडं’ पेल्यात टाकणं. पुडी फोडली की सगळी पूर्ण मापाच्या पाण्यात घाला, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओता. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मीठ घातलेली तांदळाची पेजही चांगली. तिच्यातला स्टार्च आतड्यात हळूहळू फुटून ग्लुकोज देतो, एकदम गोडाचा मारा होत नाही.

आता बागांकडे. द्राक्ष, डाळिंब, ऊस. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं जिल्हाभर वापरली जातात आणि त्यांची विषबाधा दरवर्षी दवाखान्यांत येते, कधी फवारताना, कधी जाणूनबुजून. हे विष ना चॅनल मोडतं ना जी प्रथिन. ते निरोप पुसणाऱ्यालाच मारतं. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटतं, शेजारच्या पेशीवर काम करतं आणि तिथलं कोलिनेस्टेरेज हे विकर मिलिसेकंदांत त्याचे तुकडे करतं. एक विकर सेकंदाला हजारो रेणू तोडतं. कीटकनाशक त्या विकराला चिकटलं की ॲसिटिलकोलिन साचत राहतं.

आणि इथे पेशीच्या संवादातली एक गोष्ट स्वच्छ दिसते. निरोप तोच, पण वाचणारी प्रथिनं दोन वेगळ्या घराण्यांतली. लाळ, घाम, श्वासनलिका, आतडी, डोळ्याची बाहुली, हृदय यांच्यावर मस्करिनिक रिसेप्टर, सात वेळा आरपार जाणारे, जी प्रथिनवाले. हातापायांच्या आणि श्वासाच्या स्नायूंवर निकोटिनिक रिसेप्टर, पाच तुकड्यांचे थेट चॅनल. (विडीतलं निकोटिन यांच्याच मेंदूतल्या भावंडांवर काम करतं.) त्यामुळे विषबाधेत बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला फेस येतो, छाती द्रवाने भरते, नाडी मंदावते, हे मस्करिनिकचं. स्नायू फडफडतात आणि मग लुळे पडतात, हे निकोटिनिकचं, कारण सतत चिथावलेला चॅनल शेवटी प्रतिसाद देणंच सोडतो.

या विषबाधेवर दिलं जाणारं ॲट्रोपिन फक्त मस्करिनिक अडवतं. म्हणून डॉक्टर ते दर पाचेक मिनिटांनी दुप्पट करत देतात आणि छाती कोरडी होते का, नाडी ८० च्या वर जाते का, एवढंच बघतात. बाहुली मोठी झाली की नाही यावर डोस ठरवत नाहीत. आणि छाती कोरडी झाली तरी श्वासाचे स्नायू लुळेच असू शकतात, त्यावर ॲट्रोपिनचा काही उपाय नाही, व्हेंटिलेटरच लागतो. शुद्धीवर आलेल्या रुग्णाला ‘आता बरं आहे’ म्हणून घरी न्यायची घाई नातेवाइकांनी करू नये, ती याच कारणाने. अंगावर औषध सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने धुवा, हातमोजे घालून. उलटी करवू नका. बाटली मात्र दवाखान्यात सोबत न्या.

घाम, उलट्या, तोंडात पाणी. विंचवाचं रूप वरवर असंच दिसतं, पण तिथे ॲट्रोपिन दिलं तर आधीच पळत सुटलेलं हृदय आणखी पळतं. लक्षणं सारखी असली तरी बिघाड वेगळ्या प्रथिनावर आहे.

याच मस्करिनिक रिसेप्टरवर घामाच्या ग्रंथी चालतात. झोप आणणारी जुनी सर्दी-खाजेची औषधं, वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्या, कंपवातातली काही औषधं त्याला थोडंबहुत अडवतात. एरवी तोंड कोरडं पडतं एवढंच. सोलापूरच्या मे महिन्यात मात्र घाम कमी येणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या उन्हाळ्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवाव्यात, मनाने बंद करू नयेत.

इन्सुलिनचा रिसेप्टर चौथ्या जातीचा, त्याबद्दल थोडक्यात. तो स्वतःच विकर आहे. इन्सुलिन बाहेरून चिकटलं की त्याचे आतले दोन भाग एकमेकांवर फॉस्फेट चढवतात, मग आतल्या प्रथिनांची साखळी हलते आणि पेशीच्या आत पिशव्यांत साठवलेले ग्लुट-४ वाहक काही मिनिटांत पटलावर येऊन बसतात. ग्लुकोज त्यांच्यातून आत येतं. टाइप २ मधुमेहात रिसेप्टर बहुधा जागेवर असतो, त्याच्या पुढची साखळी सुस्त झालेली असते. स्नायू हलले की ग्लुट-४ इन्सुलिनविनाही पटलावर येतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं कामाला येतं. इन्सुलिन तोंडाने घेता येत नाही, कारण ते ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे, पोटात पचून जातं. उष्णतेनेही त्याची घडी मोडते आणि मोडलेली घडी रिसेप्टरवर बसत नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. उघडलेली बाटली २५-३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते, पण इथल्या उन्हाळ्यात खोलीच ३५ च्या पुढे असते. वीज जात असेल तर कोरड्या डब्यात घालून माठाच्या गारव्यात ठेवा. गाडीच्या डिकीत कधीच नको.

शेवटचा प्रकार असा, की रिसेप्टर बरा, निरोप बरा, पण तो इतका वारंवार येतो की पेशीच कानाडोळा करते. यंत्रमागाच्या खात्यांत सुताची धूळ असते, आणि दम्याचा निळा पंप खिशात असलेले कामगारही. पंपातलं साल्ब्युटामोल, एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम, श्वासनलिकेच्या स्नायूवरच्या बीटा-२ रिसेप्टरला चिकटतं. जी प्रथिन, सायक्लिक एएमपी, स्नायू सैल, पाच मिनिटांत श्वास मोकळा. परिणाम चार ते सहा तास.

चालू राहिलेल्या रिसेप्टरच्या आतल्या शेपटावर पेशीतलं एक विकर फॉस्फेट चढवतं. त्या खुणेवर अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसतं आणि जी प्रथिनाला रिसेप्टरपर्यंत पोचूच देत नाही. मग रिसेप्टर पटलासकट आत ओढला जातो. थोड्या वेळाने फॉस्फेट उतरवून तो परत वर येतो. मारा थांबतच नसेल तर पेशी त्याला तोडून टाकते आणि नवे कमी बनवते. त्यामुळे रोज पंपावर पंप घेणाऱ्याला आधी दोन दाबांत मिळणारा आराम पुढे चारातही मिळत नाही. दरम्यान श्वासनलिकेची सूज वाढतच असते, कारण साल्ब्युटामोल सुजेला हात लावत नाही.

श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड इथे दुहेरी कामाचं. ते स्निग्ध असल्याने पटलातून सरळ आत जातं, केंद्रकात पोचून सूज आणणारी जनुकं दाबतं आणि बीटा-२ रिसेप्टरचं जनुक वाढवतं. म्हणजे निळ्या पंपाला चिकटायला पुन्हा जागा तयार होतात. २०१९ पासून दम्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच अशी आहे की मोठ्यांनी नुसत्या साल्ब्युटामोलवर राहू नये, सोबत स्टेरॉइड हवंच. ‘स्टेरॉइड नको, सवय लागते’ म्हणणारे बरेच भेटतात. सवय लागल्यासारखं वागतो तो निळा पंप. २०० दाबांचा निळा पंप वर्षाला तीन किंवा जास्त लागत असतील तर दमा आटोक्यात नाही आणि मोठ्या झटक्याचा धोका वाढलेला आहे. महिन्याला एक लागत असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि जाताना रिकामा पंप सोबत न्या.